मनगट धरून बसणं

आमच्या घरात कुकरच्या शिट्टीवर बंदी आली, तेव्हा युद्ध खरंच होणार हे मला पटलं. त्याआधी कित्येक महिने मोठी माणसं दुसरं काही बोलतच नव्हती. बाबा बँकेतून आले की रेडिओ, जेवताना रेडिओ, शेजारचे लतीफचाचा आले की रेडिओवर ऐकलेलं पुन्हा सगळं. पण माझ्या लेखी ते मोठ्यांचं बोलणं होतं, बजेटसारखं किंवा निवडणुकीसारखं. मग एके दिवशी बाबांनी जाहीर केलं, की कुकरची शिट्टी भोंग्यासारखी वाजते, धाकटी मनू दचकते आणि दचकली की तिला धाप लागते, तेव्हा यापुढे डाळ उघड्या पातेल्यात शिजेल. आई म्हणाली, "तुम्ही उभे राहा गॅसपाशी, मग शिजवू." बाबा काही उभे राहिले नाहीत. डाळ मात्र पातेल्यातच शिजू लागली आणि पुढचे काही आठवडे आम्ही दाताखाली कचकचणारी आमटी खाल्ली. युद्ध म्हटलं की अजूनही मला पहिल्यांदा ती अर्धकच्ची तूरडाळ आठवते, आणि तिच्यात बुडवलेला गरम खुब्ज, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी. पोळ्या करायला आईला वेळच नसायचा. खाली कोपऱ्यावरच्या भट्टीतून मी खुब्जची चवड घेऊन यायचे, छातीशी धरून, कारण रियाधमध्ये जानेवारीत कडाक्याची थंडी असते आणि ती चवड शेगडीसारखी ऊब द्यायची.

आम्ही भारतात परत का गेलो नाही, असं लोक मला आजही विचारतात. उत्तर साधं आहे. आई नर्स होती. तिचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार, तिचं हॉस्पिटलच होतं, आणि हॉस्पिटलने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या होत्या. बाबांनी आम्हा दोघी बहिणींना आत्याकडे रत्नागिरीला पाठवायचं ठरवून पाहिलं. मी नववीत होते, मी गेले असते. पण मनू लहान, दुसरीतली, आणि तिचा दमा आईशिवाय कोणाच्या आटोक्यात येत नसे. निळा पंप तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असायचा. पंप दिला तरी आईचा हात पाठीवर लागायचाच. शेवटी बाबा म्हणाले, "राहू सगळे एकत्र. जे होईल ते सगळ्यांचं होईल." हे धीराचं वाक्य आहे असं त्यांना वाटत होतं.

बाबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बाबांना कुठलीही नवी वस्तू उघडी ठेवलेली सहन होत नसे. सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं, उन्हाळ्यात त्याला पोटऱ्या चिकटायच्या आणि उठताना चर्रर्र आवाज यायचा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबरबँडने बांधलेला. कॅल्क्युलेटर त्याच्या खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी कपाटात. शहरातल्या ओलाया भागात त्यांची बँक होती, तिथे नवी खुर्ची मिळाली तर तिच्या हातांवरचं वेष्टणही त्यांनी काढू दिलं नव्हतं, असं त्यांचे सहकारी हसत सांगायचे. "इथल्या धुळीत काही टिकत नाही," हे बाबांचं कायमचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. कपाटातली ती पिशवी मात्र तुकतुकीत राहायची.

आईची गोष्ट वेगळी. ड्यूटीवरून आली, की ती हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या मागच्या अरुंद जागेत जायची. तिथे कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि त्याच्या शेजारी एक प्लास्टिकचं बुटकं स्टूल. त्या स्टुलावर ती ताठ बसायची, डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरायची आणि डोळे मिटायची. बाकी काही नाही. उदबत्ती नाही, जप नाही. आमचे देव कपाटात होते, कपड्यांच्या मागे, आणि त्यांची पूजा दार अर्धं लोटून व्हायची; त्या देशात उघड पूजेला बंदी होती, त्यामुळे आमच्यासारख्या सगळ्यांकडे ते तसंच होतं. हे बसणं पूजेत मोडत नव्हतं. यंत्र चालू असलं तरी ती बसायची. भिंतीपलीकडून एकामागून एक चार मशिदींची अजान सुरू व्हायची, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी उशिरा, आणि त्या सगळ्या आवाजात आई खांबासारखी स्थिर. तेवढा वेळ मनूसुद्धा तिला हाक मारत नसे.

एकदा मी विचारलं, "मनगट का धरतेस?" तर म्हणाली, "सवय." मग सांगितलं. मिरजेला नर्सिंग शिकत असताना त्यांना पेशंटचे श्वास बघायला शिकवायचे. त्यात एक युक्ती असते. पेशंटला कळलं, की कोणी आपले श्वास बघतंय, तर तो लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून त्याचं मनगट धरायचं, त्याला वाटतं नाडी चालली आहे, आणि आपण गुपचूप छातीकडे बघायचं. श्वास जसा आहे तसा दिसतो. "तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टर होत्या," आई म्हणाली, "त्या म्हणायच्या, दिवसभर दुसऱ्याचे श्वास बघता, घरी जाऊन एकदा स्वतःचेही बघा. मी बघायला लागले. पण मलाच कळायचं ना, की मी बघतेय! श्वास लगेच शहाण्यासारखा वागायचा. म्हणून स्वतःचंच मनगट धरते. फसवते त्याला."

"आणि मग काय होतं?"

"काय व्हायचंय? दिसतं."

बाबांना हे सगळं म्हणजे वेळ घालवणं वाटे. "तुझी आई समाधीत आहे, तोवर चहा आपणच करावा," असं ते मोठ्याने म्हणायचे आणि चहा काही करायचे नाहीत.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मी आईच्या वॉर्डात बसले होते. शाळा बंद झाल्या होत्या, मनू शेजारी जुबेदाखालाकडे होती आणि बाबांना मला एकटीला घरी ठेवायचं नव्हतं. बायकांचा वॉर्ड होता. वाळवंटातून आणलेली एक म्हातारी पलंगावर होती, कोळशाच्या शेगडीवर पडून तिची मांडी भाजली होती. तिचं ड्रेसिंग बदलायचं होतं. ती इतकी किंचाळत होती, की मी कानांवर हात ठेवले. इंजेक्शन देऊन झालं होतं. आईने एका मदतनीस बाईला थांबायची खूण केली, म्हातारीचा एक हात उचलून तिच्याच दुसऱ्या मनगटावर ठेवला आणि समोर स्टूल ओढून स्वतःही तशीच बसली. आईची अरबी म्हणजे दहा-पंधरा शब्द. ती एवढंच म्हणाली, "शूफी, हज्जा. बस शूफी." बघ, आजी. फक्त बघ. म्हातारी ओरडत राहिली, मग शिव्या दिल्या असाव्यात, मग आईकडे बघत राहिली. दोघी समोरासमोर, आपापलं मनगट धरलेल्या. म्हातारीचा आवाज हळूहळू खाली आला, विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा. मग आईने खूण केली आणि ड्रेसिंग सुरू झालं. म्हातारीला दुखत होतंच, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती मनगट सोडत नव्हती. आई जादू करते असं वाटायच्या वयाची मी नव्हते. मला प्रश्न पडला, की मी रोज ज्या बाईशी तुपाच्या भांड्यावरून भांडते, ती ही कोण आहे?

घरी आल्यावर मी ते रंगवून सांगितलं, तर बाबांचा चेहरा पडला. "असलं काही शिकवू नकोस तिथे. कोणी म्हणालं ही धर्माचं काहीतरी करते, तर इकामा जाईल, इथलं राहणंच संपेल. खलास."

"नाडी बघायला बंदी आली का?" आईने विचारलं.

आज मी पुण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची व्यवस्था बघते. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक प्रशिक्षक आला होता, कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायला. चटया, मंद दिवे, मोबाइलमधून वाजणारी घंटा. पडद्यावर फायद्यांची रांग: झोप सुधारते, रक्तदाब उतरतो, चिडचिड कमी, काम जास्त. शाळांमध्येही आता असे तास असतात म्हणे. मला यातल्या कशाचीच चेष्टा करायची नाही. बरंचसं खरं असेल आणि माझ्या नर्सना झोपेची गरज आहेच. पण मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, की याला विचारावं का, तू कधी कोणाच्या घरी, कपडे धुण्याच्या यंत्राच्या शेजारी, स्टुलावर बसणारं माणूस पाहिलं आहेस का. विचारलं नाही. त्याला पुढची बॅच होती.

तिकडे रियाधला शाळा बंद झाल्यावर आमच्या इमारतीतल्या मुलांचा वर्ग आमच्या दिवाणखान्यात भरू लागला. कोणी मल्याळी, कोणी हैदराबादी, एक गोव्याची जुळी जोडी. मी त्यांना गणित शिकवायचे, म्हणजे ओरडायचे. त्यांचं लक्ष सगळं खिडकीकडे. रस्त्यावर ट्रकचा ब्रेक करकचला तरी सगळी टेबलाखाली. आईला सुट्टी होती त्या सकाळी तिने दारात उभं राहून थोडा वेळ पाहिलं आणि आत येऊन म्हणाली, "चलो, सब अपना हाथ पकडो. ऐसे." मुलांनी मनगटं धरली. गोव्याच्या जुळ्यांपैकी एकाने विचारलं, "आंटी, व्हॉट टू थिंक?"

"कुछ नहीं. साँस आता है कि नहीं, बस इतना देखो."

"आता है, आंटी."

"पक्का? फिर से देखो."

सगळी हसली आणि मग, मला अजून कळत नाही कसं, गप्प झाली. एसीची घरघर ऐकू आली. सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा वाजलं नाही. इतकी पोरं एका खोलीत आणि प्रत्येक जण आपल्या छातीच्या आत काहीतरी शोधतंय. मी पाटी हातात धरून उभी, आणि ती पाटी खाली ठेवायची सुद्धा हिंमत होईना.

तेवढ्यात जुबेदाखाला रिकामं ताट परत न्यायला आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीजवळच्या खाडीवरच्या, आमच्या सख्ख्या शेजारी. त्यांचे यजमान लतीफचाचा गोठवलेल्या कोंबड्यांच्या गोदामात सुपरवायझर होते. खाला दारातच थबकल्या. मुलं उठून गेल्यावर आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुमनभाभी, रागावू नको हां. ही पूजा तर नाय ना?"

"नाडी बघण्याला पूजा म्हणतात का, जुबेदा?"

"मग ह्याच्यात देव कुठाय?"

"तुझा तुझ्याकडे. माझे माझ्या कपाटात."

खाला खळखळून हसल्या. मग त्याही मनगट धरून क्षणभर बसल्या आणि म्हणाल्या, "नमाज झाल्यावर मी अशीच बसते गो. लतीफ म्हणतो, उठ आता, भाकऱ्या कर."

"आमच्याकडे चहा," आई म्हणाली.

विषारी वायूचा हल्ला होईल अशी सगळ्यांना भीती होती, म्हणून बाबांनी बँकेतून मास्क आणले. आमचे चार आणि खूप खटपट करून लतीफचाचांकडच्या दोघांसाठी दोन. लतीफचाचांच्या गोदामाने काही दिलं नव्हतं. काळे रबरी चेहरे, गोल काचेचे डोळे आणि तोंडाशी डबा बसवायचा. डब्यात गाळणी, तिच्यातून हवा आत यायची. बँकेतल्या प्रात्यक्षिकाला एकटे बाबा गेले होते आणि त्यांनी घरी आम्हाला ते करून दाखवलं, पट्टा कसा आवळायचा, हनुवटी आधी कशी बसवायची. डब्याच्या टोकाला एक रबरी बूच होतं. बाबांनी ते काढून दाखवलं आणि लगेच परत बसवलं. "एकदा बूच निघालं की गाळणीचं आयुष्य सुरू होतं. धूळ गेली तर संपलंच. हे मी सांभाळेन. तुम्ही कोणी डब्याला हात लावायचा नाही." मग त्यांनी सहाही डब्यांची बुचं खाकी चिकटपट्टीने बंद केली, छान, सुबक, कडा दाबून. मास्क त्यांच्या खोक्यांत, खोकी पिशव्यांत.

आतली खोली बंद करायची ठरली होती. खिडकीला प्लास्टिक, फटींना तीच खाकी पट्टी, दाराखाली ओला टॉवेल. भोंगा वाजला की दोन्ही घरांनी तिथे यायचं.

तो वाजला, तेव्हा मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज नुकतीच संपली होती. आई कामावरून येऊन अजून गणवेशातच होती आणि तिचं बसणं राहिलं होतं. खाला आमच्या ओट्यावर तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, चहा उकळायला आला होता, लतीफचाचा आणि बाबा रेडिओपाशी. कुकरच्या शिट्टीसारखा तो अजिबात नव्हता. तो पोटातून यायचा. बाबा ओरडले, "गॅस! गॅस बंद करा!" आणि आम्ही धावलो. आत गेल्यावर बाबांनी आधी मनूला मास्क चढवला, मग मला, मग आईला, आणि आमचे पट्टे स्वतः आवळले, खूप घट्ट. दिवा मिणमिणला. खालांचा मास्क सापडेना, बाबा तो शोधायला बाहेर पळाले, घेऊन आले, दार लावलं, टॉवेल सरकवला, स्वतःचा मास्क चष्म्यावरूनच ओढला. तेवढ्यात आकाशात फुटल्याचा आवाज झाला आणि खिडकीचं प्लास्टिक आत फुगून परत गेलं.

पहिला श्वास मला आला असं वाटलं. दुसऱ्याला रबर गालांना येऊन चिकटलं. मी जोरात ओढलं तर ते अजून चिकटलं, ओल्या कपड्यासारखं. मला वाटलं, हीच ती भीती. बाबांनी सांगून ठेवलं होतं, की घाबरलं की मास्कमध्ये गुदमरल्यासारखं वाटतं, तसं वाटलं तर हळू श्वास घ्या. मी हळू घेत होते. येत नव्हता. मी स्वतःला मनात बजावत होते, की नीलू, तू भित्री आहेस, हळू. बाबांचा आवाज काचेआडून येत होता, "हळू... हळू... घाबरायचं नाही..." त्यांना बोलता येत होतं! लतीफचाचाही बोलत होते. म्हणजे दोष माझ्यातच होता.

मग मनू हातपाय झाडू लागली. ती मास्क ओरबाडत होती. बाबांनी तिचे दोन्ही हात धरले. "नाही बाळा, काढायचा नाही, काढलास तर..." ते वाक्य त्यांना पुरं करवेना. बाहेर विषारी हवा आहे, असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. लतीफचाचा म्हणाले, "दमा हाय साळवीसाहेब, तिचा पंप द्या." पंप मास्कच्या आत कसा देणार? बाबा आपल्या मुलीचे हात घट्ट धरून बसले होते, तिचा जीव वाचवायला, आणि तिची धडपड हळूहळू कमी होत होती.

आईने त्या वेळी जे केलं ते पाहून मला वाटलं, ती हरली. ती पलंगाच्या कडेला ताठ बसली, डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं आणि स्थिर झाली. बाबा किंचाळले, "अगं, आत्ता काय! सुमन!" आई हलली नाही. तिलाही हवा मिळत नव्हती, हे मला नंतर कळलं. तिची छातीही माझ्यासारखीच पेटली असणार. पण ती बघत होती. किती वेळ गेला? दोन-तीन श्वासांचा असेल, म्हणजे न आलेल्या श्वासांचा. आयुष्यात मी इतकी स्थिर वस्तू पाहिलेली नाही, माणूस तर नाहीच. बाहेर दुसरा स्फोट झाला आणि तिचा खांदासुद्धा उडाला नाही. मग तिने मान वळवली, मनूच्या छातीकडे बघितलं, आणि हात मागे नेऊन स्वतःचा मास्क काढला.

खाला ओरडल्या. बाबांनी मनूचे हात सोडून आईचा दंड पकडला. "वेडी झालीस? मरशील!"

"सोडा," आई म्हणाली. आवाज रोजचा, मीठ द्या म्हणावं तसा. "ही भीती नाही. दमा पण नाही. दम्यात श्वास बाहेर निघत नाही. हिचा बाहेर जातोय, आत येत नाहीये. माझाही."

आणि तिने मनूचा मास्क एका झटक्यात वर ओढला. मनूने घेतलेल्या त्या श्वासाचा आवाज, दार करकरत उघडावं तसा, लांबच लांब, मी आजही ऐकू शकते. आईने डबा फिरवला, नखाने खाकी पट्टी उचकटली, बूच ओढून फेकून दिलं, मास्क मनूला परत घातला. मग माझं. मग स्वतःचं. बूच जमिनीवर उडत पलंगाखाली गेलं. हवेला रबराचा आणि कोळशाचा वास होता, आणि ती आत आली. थंड, भरपूर. मी भित्री नव्हते. माझ्या डब्याला बूच होतं, इतकंच.

बाबा स्वतःच्या मास्कचा डबा चाचपत होते. त्यांच्याही डब्याला पट्टी तशीच होती. चष्म्याच्या काड्यांमुळे त्यांचा मास्क बसलाच नव्हता, बाजूने हवा येत होती. लतीफचाचांच्या दाढीतून येत होती, खालांच्या ओढणीतून. ज्यांचे मास्क चुकीचे बसले होते ते श्वास घेत होते. आमच्या तिघींचे बाबांनी स्वतः, अगदी नीट, घट्ट बसवले होते.

सगळं शांत झाल्याचा भोंगा झाला तेव्हा कोणी लगेच उठलं नाही. विषारी काही आलेलंच नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी समजलं. मनू आईच्या मांडीवर झोपून गेली होती. पहिल्यांदा बोलल्या त्या खाला. "बघ रे लतीफ, तू दाढी काढणार होतास ना मास्कसाठी? काढली असतीस तर?" लतीफचाचांनी दाढीवरून हात फिरवला आणि दोघं हसायला लागली, थांबेनात. मीही हसले. बाबा हसले नाहीत. ते मनूच्या मनगटांकडे बघत होते. त्यांच्या बोटांच्या खुणा होत्या तिथे, लाल.

आई म्हणाली, "चहा परत ठेवते." तिने कोणाला एक शब्द बोल लावला नाही, तेव्हाही नाही आणि नंतर कधीही. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. करपलेली भाकरी तव्यावर तशीच होती. आईने भांड्यात पाणी घेतलं आणि भांडं नळावर आपटत राहिलं, कडकडकड. मी ते भांडं तिच्या हातून घेतलं.

"आई, तुला भीती वाटली नाही?"

"भयंकर," ती म्हणाली. "पण भीती छातीत वरच्या बाजूला होती. हवा अडत होती ती तोंडाशी. दोन वेगळ्या जागा आहेत गं." आणि साखरेचा डबा शोधू लागली, जो तिच्या समोरच होता.

आमच्याकडे आता नवी नर्स आली की मी तिला पेशंटचे श्वास बघायची ती जुनी युक्ती शिकवते. बाकी काही सांगत नाही. कोणी विचारलं, की मॅडम, तुम्ही ध्यान करता का, तर मी म्हणते, बसते थोडी. फायदा काय, असं विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यायचं तर मला त्या खोलीत न्यावं लागेल, आणि तेवढा वेळ कोणापाशी नसतो.

त्या भोंग्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती कसल्याशा फाडण्याच्या आवाजाने. मला वाटलं, खिडकीचं प्लास्टिक सुटलं. बाहेर येऊन बघते तर बाबा कात्री घेऊन दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसले होते आणि सोफ्यावरचं प्लास्टिक कापत होते. रिमोटची पिशवी काढून झाली होती, रबरबँड जमिनीवर पडला होता. कॅल्क्युलेटर उघडा टेबलावर. सहाही मास्क भिंतीपाशी रांगेत मांडलेले, बुचं काढून, पिशव्यांशिवाय, रियाधच्या धुळीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. प्लास्टिकची घडी घालायला गेले आणि मग ती घडी न घालता तशीच चोळामोळा करून केराच्या डब्यात कोंबली. मी सोफ्यावर बसून पाहिलं. कापड निळं होतं. इतकी वर्षं मला ते राखाडी वाटत होतं.

आई ड्यूटीवर जायला तयार होऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली, म्हणून मीही तिच्यामागून डोकावले. यंत्राशेजारच्या स्टुलावर बाबा बसले होते. स्टूल त्यांना फार बुटकं, गुडघे छातीशी आलेले. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते, आणि उजव्या हाताने त्यांनी डावं मनगट धरलं होतं, घड्याळासकट.

"मोजू नका," आई म्हणाली. "नुसतं बघा."

बाबांनी डोळे न उघडता मान हलवली, घड्याळ काढून यंत्रावर ठेवलं आणि पुन्हा मनगट धरलं. आईने पर्स उचलली. दाराबाहेर पडताना ती मला म्हणाली, "ते उठेपर्यंत हाक मारू नकोस. आणि डाळ कुकरला लाव."